म्हणे, फ्रिजच मधे होता!

मी एक जुना फ्रिज आहे आणि मित्रांनो, मी रागावलो आहे.

फ्रिज म्हणजे थंड डोक्याचा प्राणी, असा तुमचा समज असेल. तो चुकीचा आहे. कधीतरी माझ्या पाठीला हात लावून पाहा. पुढून मी जितका गार, तितकाच मागून गरम असतो. इतकी वर्षे मी माझी सगळी उष्णता गुपचूप मागच्या भिंतीवर सोडत आलो. आज ती तुमच्यासमोर सोडणार आहे. माझ्यावर एक खोटा आळ आला होता. त्याबद्दल अजून कोणी मला चुकूनसुद्धा 'तुझी चूक नव्हती रे' असे म्हटलेले नाही.

पण आधी मी कोण, कुठला, ते सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पत्रा आला, वाकवला गेला, त्याला फिकट निळा रंग बसला. पोटात कप्पे आले, दाराला रबर आले, पाठीला काळी नळी आली. सगळे झाल्यावर एका बाईने माझे दार उघडून मिटले, पुन्हा उघडून मिटले आणि कान लावून आवाज ऐकला. 'ठप्प' असा भरीव आवाज आला, तेव्हाच तिने माझ्या पाठीवर खडूने खूण केली आणि म्हणाली, "हा जाऊ दे." आधी नीट ऐकून घ्यायचे आणि मग ठरवायचे, ही रीत मी जगात आल्या आल्या पाहिली. पुढे ती रीत किती दुर्मीळ आहे ते कळले.

ज्या घरात मी आलो, ते दुसऱ्या मजल्यावरचे घर. ताई आणि दादा नवे नवे संसाराला लागले होते. ताई म्हणजे घरातली बाई. शेजारीपाजारी, दूधवाला, वायरमन, सगळे तिला ताईच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. दादा तिचे यजमान. त्या जिन्यावर तेव्हा माझ्यासारखा दुसरा फ्रिज नव्हता. पहिल्या संध्याकाळी लोक मला बघायला आले. एका आजीबाईंनी माझ्या दाराच्या आत हात घातला आणि "अगं बाई, खरंच गार आहे!" म्हणून काढून घेतला. कुणाच्या पोराच्या कपाळाला टेंगूळ आले की बर्फ माझ्याकडून जायचा. कुणाकडे पाहुणे आले की बाटल्या माझ्या पोटात यायच्या. ताई दर आठवड्याला मला आतून बाहेरून पुसायची. मी चकाकत असे, आणि खरे सांगायचे तर थोडा फुगलोही होतो.

मग घरोघरी फ्रिज आले. माझे कौतुक ओसरले. डोक्यावर आधी एक टोपली आली, मग जुनी वर्तमानपत्रे, मग इस्त्री. दाराच्या खालच्या कोपऱ्यात गंज आला. "हा डबा अजून चालतोय?" असे पाहुणे विचारू लागले. चालतोय म्हणजे काय? मी एक दिवस रजा घेतली नव्हती! घरात सुट्ट्या सगळ्यांना होत्या. नव्हत्या त्या दोघांनाच, मला आणि ताईला.

ताई बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक तिला विचारतात, अमुक गाडी कधी, तमुक गाडी कुठल्या फलाटावर, ही चुकली तर पुढची कोणती. ती न चिडता उत्तर देते. घरी आली की मात्र तिला कोणी काही विचारत नसे. सरळ सांगत असे.

आमचे स्वयंपाकघर अडनिडे होते. शेगडी एका टोकाला, नळ दुसऱ्या टोकाला. काही उकळले आणि पाणी निथळायचे झाले, की ताई गरम भांडे फडक्यात धरून सगळी खोली ओलांडायची. वाटेत कोणी आले तर ओरडायची, "बाजूला, बाजूला, गरम आहे!" एकदा तिच्या पायावर उकळते पाणी सांडले. तिने पाय माझ्या दाराशी टेकवला, बर्फ लावला, आणि पुन्हा उठून भात वाढला. दोन घास खाऊन दादा म्हणाले, "आज मीठ कमी झालंय का?" मित्रांनो, माझी मोटर त्या क्षणी इतक्या जोराने सुरू झाली, की डोक्यावरची इस्त्री थरथरली.

काही वर्षांपूर्वी ताईचे वडील, अण्णा, आमच्याकडे राहायला आले. एकटे पडले होते. फार भिडस्त माणूस. "जावयाच्या घरात राहतोय, आपला आवाज असू नये," असे ते स्वतःलाच पुटपुटत. पाणी प्यायचे तरी माझे दार इतके हळू मिटत, की ते नीट लागतच नसे.

मग एके दिवशी भिंतीतली पाण्याची नळी फुटली. खालच्या घराचे छत ओले झाले, आमच्या भिंतीला पोपडे आले. जुन्या नळ्या किती ठिकाणी जोडायच्या? शेवटी ठरले, की स्वयंपाकघर पूर्ण नवे करायचे. नळ, वायरी, फरशी, ओटा, कपाटे, सगळे.

इथे भाऊजी आले.

भाऊजी म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. माणूस वाईट नाही. पण त्यांनी स्वतःच्या घराला एक बाल्कनी बांधून घेतली होती आणि तेव्हापासून जगातले प्रत्येक बांधकाम त्यांना आपले वाटते. हातात टेप, कानाला फोन, काखेत गुंडाळी. त्यांनी हॉलमधल्या टेबलावर नकाशा पसरला. मी स्वयंपाकघराच्या दाराशीच उभा होतो, त्यामुळे सगळे ऐकू येत होते.

"दादा, तू काही बघू नकोस. गवंडी माझा, नळवाला माझा, सुतार माझा. मी आहे ना!"

ताई चहा ठेवत होती. तिने तिथूनच सांगितले, "भाऊजी, मला एवढंच म्हणायचंय, की सिंक जर खिडकीखाली—"

"वहिनी, सिंक दारामागे. सांडपाण्याची लाइन तिथून जवळ पडते. तुम्ही कशाला डोकं शिणवता? तुम्ही फक्त टाइल्सचा रंग सांगा."

"पण शेगडी इकडे आणि सिंक—"

"वहिनी, मी आहे ना!"

ताईने दादांकडे पाहिले. दादांनी नकाशाकडे पाहिले. "बघू," दादा म्हणाले. या घरात 'बघू'चा अर्थ 'कुणीतरी दुसरे बघेल' असा आहे.

ज्या खोलीत ताईच्या आयुष्याचा अर्धा भाग गेला, त्या खोलीबद्दल तिला फक्त रंग विचारला! तोसुद्धा ती उत्तर देईपर्यंत कोणी थांबले नाही. भाऊजींनी फोनवर पांढऱ्या टाइल्स सांगूनही टाकल्या. माझे म्हणाल, तर त्या नकाशात एका कोपऱ्यात एक चौकोन होता आणि त्यात 'फ्रिज' असे लिहिले होते. माझे माप घ्यायला कोणी आले नाही. टेप भाऊजींच्या हातातच होती.

काम सुरू झाले. हमालांनी मला तिरपे केले, दारातून ओढले आणि हॉलमध्ये सोफ्याशेजारी उभे केले. हलवलेला फ्रिज थोडा वेळ स्थिर उभा ठेवावा आणि मगच चालू करावा. हे माझ्या दाराच्या आत लिहिलेले आहे. पण वाचतो कोण? लगेच बटण दाबले. माझ्या पोटात कळ आली ती मी सोसली. डोक्यावर आता खिळ्यांची पिशवी, टाइलचे नमुने आणि कुणाची तरी हातमोज्यांची जोडी आली. स्वयंपाकघराचे दार चौकटीतून काढले होते आणि माझे तोंड नेमके तिकडेच होते. त्यामुळे पुढचे सगळे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. ऐकीव काही सांगत नाही.

ताईचा संसार हॉलच्या कोपऱ्यात आला. विजेची एक छोटी शेगडी, एक पातेले, एक सुरी. भांडी न्हाणीघरात घासायची. ती सकाळी सिमेंटच्या धुळीतून वाट काढत डब्यात भाजी भरायची आणि डेपोत जायची. आणि मागे काय चालायचे?

गवंडी आला. त्याने भिंतीला टाइल्स लावल्या. सुबक लावल्या, नाव ठेवायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी नळवाला आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "अरे, माझे पाइप भिंतीत कुठं गेलेत अजून?"

गवंडी म्हणाला, "मला साहेबांनी सांगितलं, टाइल्स लाव."

नळवाला म्हणाला, "मला साहेबांनी सांगितलं, बुधवारी ये."

साहेब म्हणजे भाऊजी. ते कुठे होते? फोनवर! प्रत्येकाला वेगळा फोन, प्रत्येकाला वेगळे सांगणे. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ना, ते मी याच देही पाहिले. नव्या कोऱ्या टाइल्स फोडल्या. त्यांचे तुकडे पोत्यात भरून माझ्या पायाशी ठेवले. पाइप बसले, टाइल्स पुन्हा लागल्या. मग वायरमन आला आणि म्हणाला, "मिक्सरचा पॉइंट कुठून नेऊ? भिंत तर बंद केलीत." पुन्हा छिन्नी, पुन्हा हातोडा. ज्या भिंतीने आयुष्यभर कुणाचे काही बिघडवले नाही, ती दोनदा सोलली गेली.

या सगळ्यात सुताराने भाऊजींच्या नकाशावरून आपल्या कारखान्यात कपाटे बनवली आणि एक दिवस टेम्पोत घालून आणली. स्वयंपाकघरात अजून फरशीसुद्धा नव्हती. वरातीमागून घोडे ऐकले होते. इथे घोडे आधी आले होते आणि वरातीचा पत्ता नव्हता! कपाटे ठेवायची कुठे? हॉलमध्ये. मग मला सरकवले. मी भिंतीपासून दूर, हॉलच्या मध्यावर आलो. भिंतीतले बटण लांब पडले. कुणीतरी एक जास्तीची वायर आणली, माझी वायर तिला जोडली आणि ती जमिनीवरून तशीच आडवी सोडून दिली. चिकटपट्टी लावली नाही, वर पायपुसणे टाकले नाही, काही नाही. जो तो ती ओलांडून गेला. प्रत्येकाला ती दिसली आणि प्रत्येकाला वाटले, हे आपले काम नाही.

त्या दुपारी ताई डेपोत होती, दादा कारखान्यात. स्वयंपाकघरात गवंडी मशीनने टाइल कापत होता. त्या आवाजात ढोल वाजला असता तरी ऐकू आला नसता. अण्णा आपल्या खोलीतून पाणी प्यायला माझ्याकडे आले. मला दिसत होते. त्यांचा पाय वायरीकडे येत होता. मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या मशीनच्या वर आवाज काढून ओरडलो असतो. माझ्याजवळ फक्त घरघर आहे. मी ती केली. ती कुणाला कळते?

अण्णा पडले. उजव्या हातावर पडले. माझी वायर उपटली गेली आणि मी बंद झालो. त्यांनी हाक मारली, पण तीसुद्धा भिडेची. "अहो... कोणी आहे का..." मशीन चालूच होते. ते माझ्या दाराला पाठ टेकवून बसून राहिले. मनगट दुसऱ्या हातात धरले होते. माझे पोट हळूहळू कोमट होत गेले आणि त्यांच्या पाठीचा थरकाप मला दारातून जाणवत राहिला. शेवटी गवंडी बादली भरायला बाहेर आला आणि त्याने त्यांना पाहिले. बादली तिथेच टाकून तो धावला. त्यानेच त्यांना उचलून सोफ्यावर बसवले, त्यानेच ताईला फोन लावला.

मनगटाचे हाड मोडले होते. प्लास्टर घालून अण्णा घरी आले आणि आल्या आल्या म्हणाले, "माझंच लक्ष नव्हतं. उगाच तुम्हा सगळ्यांना त्रास."

आता ऐका. दादा कारखान्यातून आले. भाऊजी आले. चेहरा पडला होता, हे मी नाकारत नाही. आल्याबरोबर त्यांनी सगळ्यांना विचारायला सुरुवात केली, वायर कुणी टाकली? वायरमन म्हणाला, मी फक्त वायर दिली, फ्रिज कुणी सरकवला ते विचारा. हमालांचे नाव निघाले. हमाल तिथे नव्हते. सुतार म्हणाला, कपाटं आणा म्हणून मला सांगितलं, जागा करणं माझं काम नाही. गवंडी म्हणाला, मी आत होतो. अशी चेंडूफळी खेळून झाल्यावर सगळ्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"खरं सांगायचं तर," भाऊजी म्हणाले, "हा फ्रिजच मधे होता. इतका जुना डबा ठेवायचा कशाला? हा नसता तर काही झालं नसतं."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या!

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला पाय आहेत का? मी चालत हॉलच्या मध्यावर आलो का? मी दुकानातून वायर आणली का? मी टाइल्स आधी आणि पाइप नंतर लावायला सांगितले का? घरातल्या प्रत्येक जिवंत माणसाला तोंड होते, आणि दोष ज्याला तोंड नाही त्याला! मी बंद पडलेला होतो, म्हणून गुरगुरूही शकलो नाही.

पण ताईने मान डोलावली नव्हती. ती अण्णांच्या शेजारी उभी होती. ती माझ्यापाशी आली, माझी वायर उचलली, गुंडाळली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

"भाऊजी," ती म्हणाली, "फ्रिज मधे नव्हता. एकाचं दुसऱ्याला कळवायला मधे कोणीच नव्हतं, हीच तर गोष्ट आहे. उद्या सकाळी सगळ्यांना इथं बोलवा. एका वेळी. फोनवर नाही. तुम्हीही या."

"वहिनी, मी सगळ्यांशी बोलतो ना—"

"बोललात तेवढं पुरे."

इतक्यात दादांनी तोंड उघडले. मला वाटले, आता 'बघू' येणार. पण ते प्लास्टरकडे बघत म्हणाले, "ती सांगते तसं कर. मी रजा टाकतो. काम संपेपर्यंत सकाळी घरात मी असेन." ताईने त्यांच्याकडे वळून पाहिले. माझ्या मते उशीर फार झाला होता, पण न येण्यापेक्षा बरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उघड्या, ओक्याबोक्या खोलीत सगळे जमले. गवंडी, नळवाला, वायरमन, सुतार, दादा, भाऊजी. अण्णांनाही ताईने खुर्ची टाकून दाराशी बसवले. इतके दिवस ही माणसे एकाच घरात काम करत होती आणि कामाबद्दल एकत्र कधी बोललीच नव्हती!

ताईने एक पातेले काठोकाठ पाण्याने भरले. थंड पाणी होते. ते तिने भाऊजींच्या हातात दिले.

"हे उकळतंय असं समजा. शेगडी इथं, तुमच्या नकाशाप्रमाणे. सिंक तिथं, दारामागे. घेऊन जा."

भाऊजी हसले. दुसरे कोणी हसले नाही, तेव्हा ते निघाले. अर्ध्या वाटेत पाणी हिंदकळून त्यांच्या पँटवर आले. दाराशी पोचले, तेव्हा ताईने दादांना खूण केली. दादा बाहेरून आत आले, जसे रोज चहा विचारायला येतात तसे, आणि दार असते तर नेमके जिथे उघडले असते तिथे त्यांचा खांदा भाऊजींच्या कोपराला लागला. सगळे पाणी भाऊजींच्या बुटात गेले.

"थंड होतं म्हणून बरं," ताई म्हणाली. "माझ्या पायावर सांडलं ते नव्हतं."

भाऊजी ओल्या बुटांत उभे राहिले. मग त्यांनी काखेतली गुंडाळी खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, "तुम्ही दाखवा."

मग ताई त्या रिकाम्या खोलीत स्वयंपाक करू लागली. मित्रांनो, मी ते विसरणार नाही. ओटा नव्हता, शेगडी नव्हती, एक भांडे नव्हते. पण तिचे हात सगळे जाणत होते. ती धान्य काढायला वाकली, तिथे सुताराने खडूने रेघ मारली. ती धुवायला वळली, तिथे नळवाल्याने खूण केली. चिरायला थांबली, फोडणीला सरकली, डावा हात मिठाकडे गेला. गवंडी म्हणाला, "ताई, एक मिनिट, हात तसाच ठेवा," आणि त्याने भिंतीवर तिच्या कोपराची उंची धरली. ओटा तिच्या कोपराच्या हिशेबाने ठरला. आधी तो भाऊजींच्या कोपराच्या हिशेबाने होता.

सगळे तिचेच बरोबर ठरले असेही नाही. सिंक तिला नेमके खिडकीच्या मधोमध हवे होते. नळवाल्याने मान हलवली. "तिथं पाण्याला उतार मिळणार नाही, ताई. रोज तुंबेल. हातभर इकडे घ्या." तिने विचार केला आणि म्हणाली, "घेतलं." विचारले की माणूस असा ऐकूनही घेतो.

मग ती दाराकडे वळली. "अण्णा, तुम्हाला काय हवंय?"

"मला? मला कशाला काही..."

"अण्णा."

अण्णांनी प्लास्टरच्या हाताकडे पाहिले. "नळ... फिरवायचा नको. लांब दांड्याचा असला, वर उचलायचा, तर बरं. बोटांत जोर राहिला नाही. आधीपासूनच नव्हता."

"आधीपासून?" ताई त्यांच्या खुर्चीपाशी आली. "मग बोलला का नाहीत?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "कोणी विचारलं नाही, बाळा."

खोलीत सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. दादा तर इतका वेळ बघत होते, की मला वाटले जमिनीत काहीतरी पडले आहे.

नंतर ताईने कामाचा क्रम लावला. तिचा तर तो रोजचा धंदा. "एक गाडी फलाटावरून निघाल्याशिवाय दुसरी लागत नाही," ती म्हणाली. "आधी नळवाले आणि वायरमन. भिंतीत जायचं ते सगळं जाऊ दे. मग गिलावा, मग फरशी, मग ओटा. सुतारदादा, तुम्ही ओटा बसल्यावर माप घ्यायचं. आणि आपलं काम संपलं की पुढच्या माणसाला सांगायचं. मला नाही, भाऊजींना नाही. त्यालाच विचारायचं, की बाबा, तुझ्यासाठी काही सोडायचं राहिलंय का?"

सुतार डोके खाजवत म्हणाला, "आणि फ्रिज?"

"त्याचं माप कुणी घेतलंय?" ताईने विचारले. सुतार टेप घेऊन माझ्याकडे आला. त्याने माझी उंची मोजली, रुंदी मोजली, दार उघडायला किती जागा लागते तेही मोजले. मग मागे डोकावून म्हणाला, "याला पाठीमागे हवा पाहिजे. चार बोटं जागा सोडतो." मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी मला भरून आले.

पुढचे सगळे सुरळीत झाले, असे खोटे सांगणार नाही. ओट्याचा दगड आला तो तडकलेला. ताईने तो परत पाठवला आणि दुसरा येईपर्यंत त्याच विजेच्या शेगडीवर स्वयंपाक केला. तयार कपाटे कापावी लागली, एक तर वायाच गेले. पण आता दादा सकाळी घरात असत. पोत्यांची वाट मोकळी ठेवत, वायरी भिंतीलगत चिकटवत. चहाच्या वेळी चौघेही कारागीर एकत्र बसत आणि भांडत, पण एकमेकांच्या तोंडावर भांडत. भाऊजी अण्णांना दवाखान्यात न्यायला आणि आणायला येत. बोलत कमी. एकदा जाता जाता त्यांनी माझे सैल झालेले रबर बोटाने आत दाबले. तेवढेच. माफी म्हणून मी ते धरत नाही.

स्वयंपाकघर झाले. सिंक खिडकीजवळ, शेगडी त्याच्या हाताशी. ताईला आता गरम भांडे घेऊन कुणावर ओरडावे लागत नाही. अण्णा नळाची दांडी मनगटाने उचलतात आणि पाणी पितात. मी माझ्या जागेत उभा आहे. पाठीमागे हवा आहे. रबर नवे आहे.

मग मी अजून का रागावलो आहे?

परवा शेजारचे गृहस्थ आले. त्यांच्याही घरात स्वयंपाकघर नवे करायचे आहे. मागे त्यांची बायको उभी होती, कडेवर मूल घेऊन.

"ताई, तुमच्या भाऊजींचा नंबर हवा होता," ते म्हणाले. "सगळीकडे ऐकतोय, त्यांनी काय सुंदर काम करून घेतलंय तुमच्याकडे!"

माझी मोटर धडाडून सुरू झाली. सगळीकडे ऐकताय? कुणाकडून? ताई मात्र शांतपणे हात पुसत होती. तिने त्या गृहस्थांकडे पाहिलेही नाही.

"तुम्हाला काय हवंय स्वयंपाकघरात?" तिने त्यांच्या बायकोला विचारले.

"आम्हाला असाच ओटा—" गृहस्थ म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं. यांना विचारलं."

"अहो, ती काय सांगणार? तिला सगळं चालतं."

ताईने एक खुर्ची पुढे ओढली, त्या बाईच्या कडेवरचे मूल स्वतःकडे घेतले आणि वाट पाहत उभी राहिली. ती बाई बसली. नवऱ्याकडे पाहिले, मग ताईकडे. माझी मोटरही थांबली.

"मला बसून चिरता यायला हवं," ती म्हणाली. "माझे पाय सुजतात. संध्याकाळपर्यंत उभं राहवत नाही."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. "तुझे पाय सुजतात?"

मित्रांनो, एकाच छताखाली राहणारी माणसे ही! म्हणून माझा राग जात नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना पुसा, आमच्या पाठीमागची धूळ काढा, आमची वायर कुणाच्या पायात येऊ देऊ नका. एवढे तर कराच. पण भिंतीला पहिला हातोडा लावण्याआधी त्या खोलीत जो रोज उभा राहतो, त्याच्यासमोर जाऊन बसा. विचारा. आणि विचारून झाले की उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवा.

ती बाई अजून बोलते आहे. ताई ऐकते आहे. नवरा दारात उभा आहे आणि पहिल्यांदाच तिचे ऐकतो आहे. त्याला तसाच उभा राहू द्या.